आगरी बोली (द्रोणागिरी-उरण)

उत्तर कोकणातील मराठीची एक बोली. रायगड, ठाणे आणि मुंबईच्या खाडीकाठी ती बोलली जाते. नवी मुंबई उभारणाऱ्या सिडकोने उरण तालुक्यात वसवलेल्या द्रोणागिरी उपनगराच्या परिसरात बोकडवीरा, फुंडे, पाणजे, नवघर या गावांची ती घरची भाषा आहे. कोळी आणि कराडी या बोली तिच्या शेजारणी. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीवरील सातव्या खंडात (१९०५) आगरीची नोंद आहे.

‘ळ’चा ल, ‘ण’चा न आणि शब्दाच्या पोटातल्या ‘ड’चा र होतो: घोरा, गारी. ‘मला’ऐवजी ‘मना’, वडिलांना ‘बापूस’. शब्दसंपत्ती भात, मीठ आणि मासळीची. खाऱ्या पाण्याखालची जमीन ते खाजण. बांधातून ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर सोडणारी आणि भरतीला समुद्र अडवणारी झडप ती उघाडी. निवटी, जिताडा (मासे) आणि चिंबोरी (खेकडा) हे शब्द तर उरणच्या बाजारात रोजचेच.

या बोलीचे सर्वांत भक्कम वाङ्मय म्हणजे धवले, लग्नविधींची गाणी. ती धवलारीण गाते आणि तिच्या गाण्याबरोबर विधी पुढे सरकतो. येथे बोली रंगत आणण्यासाठी येत नाही. मंत्राचा अधिकार तिच्याकडे असतो. आगरी साहित्याचा विचार धवल्यापासूनच सुरू व्हायला हवा. छापील मराठीत मात्र निवेदन प्रमाण भाषेत आणि आगरी फक्त पात्राच्या तोंडी, तीही पुष्कळदा हसू पिकवण्यापुरती, ही वाट फार मळली. त्यात बोलीतून विचार करण्याचा हक्कच हिरावला जातो.

बोलीला छापील मान मिळण्याची दुसरी वाटही आहे. स्कॉटलंडमध्ये रॉबर्ट बर्न्सने १७८६ साली आपल्या पहिल्या कवितासंग्रहाच्या नावातच ‘स्कॉटिश बोली’ असे छापले. जॉन जेमिसनचा स्कॉट्स शब्दकोश १८०८ साली आला. आधी कविता, मग कोश. आगरीतही कवीच पुढे आहेत, आणि त्यांची कविता पुस्तकाइतकीच कविसंमेलनात, मोठ्याने वाचून पोहोचते.

दरम्यान या शब्दांमागची जमीनच बदलली. उरण तालुक्यातील न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. बंदर आणि नवी मुंबईसाठी भातशेती व मिठागरे संपादित झाली. जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील जमीन-आंदोलनात गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मा झाले. भराव पडला तिथे उघाडी वापरातून गेली. असे शब्द आता जुन्या माणसांच्या बोलण्यात आणि लिहिणाऱ्यांच्या वहीत आहेत. लेखनाचे ठरलेले नियम नसल्याने एकाच शब्दाची दोन-तीन रूपे छापलेली दिसतात. लेखकाने आपल्या गावचा उच्चार लिहावा आणि संपादकाने तो प्रमाण करू नये.