तळ्यातला गाळ आणि न दिलेलं धन



वैशाख तापला की आपल्या यवतमाळ जिल्ह्यातली जुनी तळी तळ दाखवू लागतात. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत हा गाळ उपसून शेतात टाकला जातो. आपल्या भारतीय जैन संघटनेनंही २०१८ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात शासनासोबत हे काम मोठ्या प्रमाणावर केलं. पुण्याचंच काम आहे. पण हल्ली जेसीबी आणि ट्रॅक्टरच्या मागे आणखी कुणीतरी दिसतं. कानाला हेडफोन, हातात लांब दांड्याचा मेटल डिटेक्टर. ऑनलाइन मागवता येतो म्हणून आपल्या घरातली मुलंही त्यात आहेत. “काकू, तळ्यात पडलेलं कुणाचंच नसतं, मग घेतलं तर काय बिघडलं?” असं माझ्या पुतण्यानं विचारलं, तेव्हा वाटलं की याचं उत्तर नीट लिहूनच काढावं.

तळ्यात वस्तू असतात हे खरंच. पिढ्यान्‌पिढ्या बायका तिथे धुणी धूत, भांडी घासत. अंगठी निसटे, जोडवं गळून पडे, तांब्या बुडे. कुणी नवसाचा पैसा टाके. आणि संकटाच्या काळात लोकांनी देवाच्या मूर्तीही पाण्यात किंवा जमिनीत सुरक्षित ठेवल्या.

यंत्राचं काम सोपं आहे. खालच्या गोल कड्यातल्या तारेतून वीज खेळते, तिचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरतं. तिथे धातू असला की त्यात बारीक प्रवाह निर्माण होतात आणि यंत्र वाजतं. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलनं १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला असंच यंत्र वापरून पाहिलं, पण गोळी काही सापडली नाही. पलंगातल्या लोखंडी स्प्रिंगांनी यंत्राला फसवलं असं सांगतात. आपल्याकडची काळी माती बेसाल्टची, लोहयुक्त. त्यामुळे इथेही यंत्र उगाच कुरकुरतं. त्यातून बाटलीचं झाकण, गुटख्याची पुडी आणि सोन्याची अंगठी यांतला फरक त्याला धड कळत नाही.

शिवाय दगड आणि माती त्याला ऐकूच येत नाहीत. आपल्या शेजारच्या वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांची कथा आठवा. कुष्ठानं पीडित झालेल्या श्रीपाल राजानं, म्हणजे आपल्या एल राजानं, एका लहानशा डबक्यात हातपाय धुतले. ते निरोगी झालेले राणीच्या लक्षात आले. मग त्या पाण्यातून भगवंतांची प्रतिमा प्रकटली. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथात या तीर्थाची नोंद केली आहे. कथेप्रमाणे ती प्रतिमा वाळू-शेणाची होती. यंत्र तिच्यावरून फिरवलं असतं तर ते गप्पच राहिलं असतं, आणि धातूच्या नादानं मारलेली कुदळ मात्र तिच्यावर बसली असती.

आता वऱ्हाडचा इतिहास बघू. १९३९ मध्ये मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळा गावी सातवाहनांच्या सुमारे दीड हजार नाण्यांचा साठा मिळाला. नाणी पोटीनची, म्हणजे हलक्या मिश्रधातूची. सोनाराकडे नेली असती तर कवडीमोल. पण ती एकत्र राहिली, म्हणून वा. वि. मिराशींना ती वाचता आली. त्यातून कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी हे राजे जगाला कळले. पुराणांच्या यादीत त्यांची नावंच नव्हती. तो साठा मुठीमुठीनं वाटला गेला असता, तर हे राजे कायमचे हरवले असते.

मूर्तिजापूर तालुक्यातल्या राजनापूर खिनखिनीला तर आपल्याच जैन धातुप्रतिमा निघाल्या. त्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहेत, तेच ज्याला आपण अजब बंगला म्हणतो. त्या काळी या भागात श्रावक होते, मंदिरं होती, कसबी मूर्तिकार होते, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

पुष्कळ जुन्या धातुप्रतिमांच्या मागे किंवा पीठावर बारीक अक्षरं कोरलेली असतात. संवत, संघ, गण, प्रतिष्ठा करणाऱ्या भट्टारकांचं नाव. आपल्या कारंज्याला तर बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघ अशा तिघांच्या गाद्या होत्या. त्याखाली मूर्ती भरवणाऱ्या श्रावकाचं नाव येतं, आणि अनेकदा त्याच्या भार्येचं, सुनेचं, मुलीचंही. ज्या काळातल्या बायकांचं नाव दुसरीकडे सहसा सापडत नाही, त्या काळातल्या आपल्या पूर्वजा तिथे नावानिशी उभ्या आहेत. भंगारच्या भावात विकलेल्या किंवा चिंच-मीठ लावून घासलेल्या मूर्तीबरोबर ती नावंही जातात.

इंग्लंडमधली एक गोष्ट सांगते. १९९२ मध्ये सफोक परगण्यातल्या हॉक्सन गावी एरिक लॉज नावाचे गृहस्थ एका शेतकरी मित्राची हरवलेली हातोडी डिटेक्टरनं शोधत होते. सापडली रोमन काळातली सोन्याचांदीची नाणी आणि दागिने. थोडं उकरल्यावर त्यांनी हात थांबवला आणि कळवलं. मग तज्ज्ञांनी जागेवर जाऊन सगळं काढलं, म्हणून पंधरा हजारांवर नाणी आणि दागिने पेटीत कसे रचले होते तेही समजलं. एका कंकणावर ते सुखानं वापर अशी शुभेच्छा आहे, ज्युलियाना नावाच्या बाईसाठी. ती हातोडीही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आपल्या धर्मानं तर हे केव्हाच सांगून ठेवलंय. अचौर्य म्हणजे फक्त दुसऱ्याच्या घरात शिरून चोरी न करणं नव्हे. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात कुणी ठेवलेलं, कुणाचं पडलेलं आणि कुणी विसरून गेलेलं, ही तिन्ही परकीच धरली आहेत. स्वतः घ्यायचं नाही, उचलून दुसऱ्याला द्यायचंही नाही. तळ्यातली प्रत्येक वस्तू या तिन्हींपैकी एक असतेच! तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे जे अतिचार आहेत, त्यांत चोरीचा माल घेणं आहे आणि राज्याचा नियम मोडणंही आहे. आणि पंधरा कर्मादानांत तळी आटवण्याचा धंदा श्रावकाला वर्ज्य आहे, कारण पाण्यात असंख्य जीव आहेत. म्हणून उन्हानं आटलेल्या तळ्यातला गाळ काढणं वेगळं, आणि वस्तूच्या लोभानं उरलेलं डबकं पंपानं उपसणं वेगळं.

राज्याचा नियम काय म्हणतो? भारतीय निखात निधी कायदा १८७८ चा आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, कुठे, केव्हा. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. प्रामाणिक माणसाला कायदा रिकाम्या हाती पाठवत नाही. चौकशीत धन बेवारस ठरलं, तर वेगळा करार नसल्यास सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागामालकाला एक चतुर्थांश वाटा आहे. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम देऊन ती घेता येते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा परवान्याशिवाय व्यापार करता येत नाही आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. आणि पुरातत्त्व खात्यानं संरक्षित केलेल्या जागी तर परवानगीशिवाय खणायचंच नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, आपल्या गावात यंदा गाळ निघणार असेल तर घरातल्या मुलांना, शेतावरच्या गड्यांना आणि ट्रॅक्टरवाल्या दादांना एवढं सांगून ठेवा. गाळात मूर्ती, नाणी, भांडं असं काही दिसलं की जेसीबी थांबवा. वस्तू ओढून काढू नका, आहे तिथेच फोटो घ्या, जागेची खूण करा. लगेच तलाठी किंवा तहसीलदारांना कळवा आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या नावानं अर्ज द्या. वस्तू वर आलीच असेल तर धुऊ-घासू नका. हिरवा थर खरवडू नका. कोरड्या सुती कापडात ठेवा. जैन प्रतिमा असेल तर गावातल्या मंदिराच्या पंचांनाही सांगा. ती संग्रहालयात गेली तरी पीठावरचा लेख वाचून उतरवून घ्यायला ते मदत करतील.

भक्तीनं लगेच घरी आणून अभिषेक करावासा वाटतो, हे मी समजू शकते. पण न दिलेलं घेऊन केलेला अभिषेक कोणत्या व्रतात बसतो? आधी कळवू या. त्या लेखात नाव कोरलेली कुणी एक श्राविका पाच-सातशे वर्षं गाळात वाट बघत असेल, तिचं नाव मोठ्यानं वाचलं जाऊ दे.