पायधुणीचा रस्ता : जुन्या छायाचित्रांच्या साक्षीने

मुंबईच्या पायधुणीत आज खाडीचा मागमूस नाही. भरतीचे पाणी तुडवून येणारे लोक येथे पाय धूत, अशी या नावाची परंपरागत व्युत्पत्ती आहे. खाडी बुजली, वस्ती वाढली आणि १८१२ साली येथे श्री गोडीजी पार्श्वनाथांची प्रतिष्ठा झाली.

पुढे रस्त्याचे रूप वाहनांनी पालटले. ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम पायधुणीपर्यंत धावू लागली. १९०७ साली विजेची ट्राम आली. ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईतील अखेरची ट्राम थांबली. त्यामुळे तारीख नसलेल्या छायाचित्राचाही काळ ट्राम पाहून ताडता येतो. मात्र जुन्या चित्रातील ओस रस्ता खरोखर ओस होताच असे नाही. आरंभीच्या छायाचित्रणात प्रकाश टिपण्यास वेळ लागे आणि चालती माणसे पुसट होत वा उमटतच नसत.

जैन कुटुंबांतून रथयात्रांची व वरघोड्यांची छायाचित्रे जपलेली असतात. छायाचित्रकाराचे लक्ष रथाकडे असते. पण मागचे लाकडी सज्जे, दुकानांच्या पाट्या, दिव्यांचे खांब आपसूक टिपले जातात. इमारत पाडली गेल्यावर कित्येकदा तेवढाच पुरावा उरतो. परंतु स्थळ-काळाची नोंद नसेल, तर एका पिढीनंतर तो मुका होतो.

हस्तलिखिताच्या अंती पुष्पिकेत संवत, गाव व लेखनिकाचे नाव नोंदविण्याची परंपरा या समाजाने शतकानुशतके पाळली. ज्येष्ठांच्या स्मरणात रस्ता जिवंत आहे तोवर छायाचित्रांनाही अशी पुष्पिका लाभावी.