शून्याने गुणलेली राशी

देवगड तालुक्यातील पोंभुर्ले हे बाळशास्त्री जांभेकरांचे गाव. ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू करणारे पत्रकार म्हणून सिंधुदुर्गात त्यांचे स्मरण होते. एल्फिन्स्टन संस्थेत गणित शिकवणारे अध्यापक म्हणून सहसा होत नाही. त्यांच्या ग्रंथांच्या यादीत 'शून्यलब्धिगणित' हे नाव आढळते. विषय कलनशास्त्राचा. दोन राशी शून्याकडे सरकत असतानाही त्यांचे गुणोत्तर टिकू शकते, या विचारावर ते शास्त्र उभे आहे. हा विचार युरोपातून आला खरा. परंतु त्यामागचा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नव्हता.

भास्कराचार्यांची 'लीलावती' ११५०च्या सुमाराची. खानदेशातील पाटण येथे त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन झाल्याची नोंद १२०७च्या शिलालेखात आहे. 'लीलावती'तील एक उदाहरण असे: एका राशीला शून्याने गुणले, गुणाकारात त्याचेच अर्धे मिळवले, तिप्पट केली आणि शून्याने भागले, तर ६३ आले, ती राशी कोणती? शून्याने गुणताच सारे शून्य झाले असे मानले, तर उदाहरण तिथेच संपते. भास्कराचार्य सांगतात की पुढे क्रिया शिल्लक असेल तर गुणाकार उरकून टाकू नये. राशी 'शून्याने गुणलेली' अशीच ठेवावी. पुढे शून्य भाजक म्हणून आले की राशी अविकृत राहते. राशीची साडेचारपट ६३, म्हणून राशी १४.

संगणकावर चिन्हांचे बीजगणित करणाऱ्या प्रणालींपुढे आज हाच पेच आहे. 'सिम्पाय' या प्रणालीत 'क्ष'ला शून्याने गुणले की तत्काळ शून्य उरते. मग शून्याने भागल्यास 'ही संख्या नव्हे' एवढेच उत्तर मिळते. शून्याऐवजी 'ह' हे चिन्ह ठेवले, तर 'ह'ने 'ह' छेदला जातो आणि १४ हाती येतात. मात्र छेदताना 'ह' शून्य नाही हे गृहीत धरले गेले, आणि त्या अटीची खूण उत्तरात कोठेच उरत नाही. पुढे कोणी 'ह'च्या जागी शून्यच घातले, तरी उत्तर निर्धास्तपणे तेच. याउलट 'क्ष'च्या वर्गाचे वर्गमूळ हीच प्रणाली सोडवत नाही. 'क्ष' धन आहे असे आधी जाहीर केले, तर ती 'क्ष' म्हणते.

शून्याला शून्याने छेदण्याची भास्कराचार्यांची रीत आजचे गणित जशीच्या तशी स्वीकारणार नाही; तिला लागणारा आधार सीमेच्या कल्पनेने नंतर दिला. तरीही त्यांच्या नियमातील 'क्रिया शिल्लक असेल तर' ही अट आम्हांस मोलाची वाटते. चिन्ह म्हणजे अजून न आलेल्या संख्येसाठी राखलेली जागा. तिथे कोण येऊ शकेल आणि कोण नाही, हे यंत्र आपणहून विचारीलच असे नाही. ते लिहून ठेवण्याचे काम अजून गणित करणाऱ्याकडेच आहे, आणि उत्तर वापरणाऱ्याने ते मागून घ्यायला हवे.