तळाच्या गळाची बांधणी

तळाशी चरणारे मासे धरण्यासाठी दोरीला गळ व वजन बांधण्याच्या रीतीस तळाच्या गळाची बांधणी म्हणतात. अमळनेर ज्या बोरी नदीकाठी वसले आहे, तिला पावसाळ्याखेरीज पाणी थोडे. त्यामुळे वाम, मृगळ यांसारख्या माशांसाठी तापीचे डोह अधिक सोयीचे.

नायलॉनची दोरी गुळगुळीत असल्याने तिच्यावर साधी गाठ निसटते. म्हणून दोरीचे टोक गळाच्या नेढ्यातून ओवून मूळ दोरीभोवती पाच-सहा वेढे देतात, नेढ्यालगतच्या फटीतून ते परत काढतात आणि गाठ भिजवूनच आवळतात. कोरडी आवळल्यास घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन कमजोर होते.

मुख्य दोरीला आखूड फाटा काढून त्यावर गळ आणि त्याखाली वीतभर अंतरावर वजन बांधतात. वजनासाठी जुना लोखंडी नट पुरतो. शिसे विषारी आहे. वजनाची दोरी मात्र मुद्दाम कच्ची घेतात, आणि या बांधणीतले खरे शहाणपण तेच. वजन खडकात अडकले, तर तेवढीच दोरी तुटते. गळ आणि मासा हाती राहतात. एरवी मुख्य दोरीच तुटून गळासह पाण्यात उरते. नायलॉन सहजी कुजत नाही. त्यात पाणपक्षी व कासवे अडकून मरतात.