ठसा दगडाचा, रंग हाताचा

आज मागे पावसाचा आवाज येईल, तेवढं सांभाळून घ्या. मी इगतपुरीत आहे आणि इथे जुलैत खिडकी लावली तरी हवा ओलीच. टेबलावर भेटकार्डं पसरलीत. रबरी ठशाने डोंगराची रेघ उठवायची, मग स्पंजने आकाश. आधी पिवळी शाई, मग नारिंगी, शेवटी जांभळी. दोन रंग भेटतात तिथे स्पंज हलक्या हाताने गोल फिरवला की जोड दिसत नाही. पण या दमट हवेत शाई वाळेना. पहिली चार कार्डं माझ्याच अंगठ्याने बिघडवली.

त्यात धाकट्या बहिणीने विचारलं, "ताई, ठसा तर विकतचा आहे. मग हे हाताने केलेलं कसं?"

चिडले खरं, पण प्रश्न चुकीचा नव्हता. उत्तर शोधायला जरा मागे जाऊ.

1843, लंडन. हेन्री कोल यांना नाताळच्या ढीगभर पत्रांना उत्तरं द्यायची होती. त्यांनी जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक कार्ड काढून घेतलं. सुमारे हजार प्रती छापल्या, किंमत एक शिलिंग. छापल्या फक्त रेघा. रंग माणसांनी एकेका कार्डात हाताने भरला! म्हणजे पहिलं मानलं जाणारं नाताळचं छापील कार्डसुद्धा अर्धं हाताचंच.

आपल्याकडे 1865 मध्ये थळ घाट चढून रेल्वे इगतपुरीला आली. 1879 मध्ये पोस्टकार्ड आलं, पाव आण्याला. खुशाली कळवणं स्वस्त झालं. रंगीत चित्र मात्र अजून घरोघरी नव्हतं.

ते आणलं राजा रविवर्म्याच्या छापखान्याने. 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. यंत्रं जर्मन, आणि छपाई चक्क दगडावरून. गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने काढायचं आणि दगड ओला करायचा. पाणी तेलकट रेघेवर थांबत नाही, शाई तिथेच धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. लक्ष्मीच्या गालावरची ती मऊ छटा जवळून बघा, बारीक बारीक ठिपके आहेत. ते कारागिरांनी दगडावर एकेक करून मांडलेले. चित्राखाली नाव रविवर्म्याचं. ठिपके देणाऱ्यांची नावं कुणी छापली नाहीत. मला हे कायम खटकतं.

या छापखान्यासाठी काम केलेला एक माणूस आपल्याच जिल्ह्यातला, त्र्यंबकेश्वरचा: दादासाहेब फाळके. सिनेमाच्या आधी ते छपाईतलेच. तीन रंगांची छपाई शिकायला 1909 मध्ये ते जर्मनीला गेले होते.

पण बहिणीला मी सांगितलं ते वेगळंच. ही छापील चित्रं घरी आली की बायका त्यांच्यावर जर चिकटवायच्या, टिकल्या लावायच्या, देवीला खऱ्या कापडाचं लुगडं नेसवायच्या. छापखान्यातून निघताना सगळ्या लक्ष्म्या सारख्या, पण भिंतीवर गेल्यावर शेजारणीची वेगळी आणि आपली वेगळी.

ती काही बोलली नाही. स्पंज उचलला आणि माझ्या पाचव्या कार्डाच्या जांभळ्या आकाशात हिरवा रंग घातला. आता ते आकाश आहे की भाताचं खाचर, सांगता येत नाही. आजीला तेच पाठवतोय. वाळलं की.