नक्कल कोणाची, झळ कोणाला

चीनमधल्या नकलेचा विषय निघाला की एक स्पष्टीकरण हटकून पुढे येते: कन्फ्यूशियसच्या परंपरेत थोरांचे अनुकरण हीच विद्या, म्हणून तिथल्या माणसाला नक्कल ही चोरी वाटतच नाही. दाखला म्हणून चिनी लेखक लू शुनच्या १९१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘खोंग यीजी’ या कथेतला दरिद्री पंडित उभा केला जातो. पुस्तके चोरल्याबद्दल मार खाऊनही तो त्या कृत्याला चोरी म्हणायला तयार नसतो. पण गुत्त्यातली गिऱ्हाइके त्याच्या युक्तिवादाला खो खो हसतात, हे सांगायचे राहून जाते. सोंग राजवटीतल्या एका ग्रंथावर तर पुन्हा छापण्यास मनाई करणारी मुद्रकाची सूचना आढळते. सगळा भार परंपरेवर टाकणारे हे स्पष्टीकरण अपुरे आहे, आणि चिनी माणसावर अन्याय करणारेही.

लोकांचे वर्तन बारकाईने पाहिले तर वेगळे सूत्र हाती लागते. तिथला सामान्य माणूस उल्लंघनाचा निवाडा कायद्याच्या कलमावरून करत नाही. झळ कोणाला बसली, ती सोसण्याची त्याची ऐपत किती, आणि हक्क बजावणाऱ्याची त्या वस्तूत स्वतःची मेहनत आहे का, हे तो पाहतो.

याला इतिहास आहे. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात लेखकांचे मानधनसुद्धा बंद झाले होते. पुढे ट्रेडमार्कचा कायदा १९८२ मध्ये, पेटंटचा १९८४ मध्ये आणि कॉपीराइटचा १९९० मध्ये आला. त्यामागे परकीय भांडवलाची गरज आणि अमेरिकेचा व्यापारी दबाव यांचा वाटा मोठा होता. साहजिकच परदेशी कंपन्यांनी मागितलेली किंमत, अशीच बौद्धिक संपदेच्या हक्काची पहिली ओळख झाली. शिवाय महसुलात वाटा देऊन आणायच्या परदेशी चित्रपटांवर कोटा होता: वर्षाला आधी १०, मग २०, आणि २०१२ पासून ३४. बाकीचे पाहायचे तर रस्त्यावरची पायरेटेड डीव्हीडी. ऑक्टोबर २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने बनावट विंडोज वापरणाऱ्यांचा पडदा तासातासाला काळा करायला सुरुवात केली, तेव्हा लोक कंपनीवरच संतापले.

पण त्याच समाजाने वांग हाय या तरुणाला डोक्यावर घेतले. १९९५ मध्ये बीजिंगच्या एका डिपार्टमेंट स्टोअरमधून त्याने बनावट सोनी हेडफोन मुद्दाम विकत घेतले आणि ग्राहक संरक्षण कायद्याच्या ४९व्या कलमाखाली दुप्पट भरपाई मागितली. पुढे बनावट माल हुडकणे हा त्याचा व्यवसायच झाला. इथे सोनीच्या हक्काशी लोकांना फारसे देणेघेणे नव्हते. फसवले गेले होते ते गिऱ्हाईक. जाणूनबुजून स्वस्तातली नकली पर्स घेणे आणि अस्सल समजून नकली माल घरी नेणे, दोन्हींत ट्रेडमार्कचा भंग सारखाच. लोकांच्या लेखी मात्र या दोन गोष्टी एक नाहीत, आणि मला ही जाण योग्यच वाटते.

लेखकांच्या बाबतीत मत पालटायला फार वेळ लागला. ज्वांग यू या लेखिकेच्या कादंबरीची चोरी केल्याबद्दल तरुणांचा लाडका लेखक क्वो चिंगमिंग २००६ मध्ये बीजिंगच्या उच्च न्यायालयात हरला. त्याने नुकसानभरपाई भरली, पण माफी मागायला साफ नकार दिला. चाहते त्याच्या पाठीशी राहिले आणि पुढच्याच वर्षी चीनच्या लेखक संघाने त्याला सदस्यत्व दिले! त्याने माफी मागितली ती ३१ डिसेंबर २०२० रोजी, शंभराहून अधिक पटकथाकार आणि निर्मात्यांनी त्याच्याविरुद्ध जाहीर पत्र काढल्यावर. कायदा या चौदा वर्षांत हजर होताच. नव्हती ती लाज, आणि ती आणली स्वतःच्या लेखणीवर पोट असलेल्यांनी. या व्यवसायात जगणाऱ्यांची संख्या वाढली, तसे चोरीचे दुःख ओळखीचे झाले.

याचा अर्थ हक्काबद्दलचा आदर सरसकट वाढला, असा मात्र नाही. नोव्हेंबर २०२१ मधले थोंगक्वान रोउच्यामोचे प्रकरण पाहा. मांस भरलेली ही रोटी हातगाडीवरही मिळते. शानशी प्रांतातल्या थोंगक्वान तालुक्याच्या संघटनेकडे या नावाचे भौगोलिक मानांकन होते. तिने देशभरच्या छोट्या दुकानांवर दावे लावले. पाटीवर नाव ठेवायचे तर सुमारे एक लाख युआन भरा, असे सांगितले. रोटी विकून घर चालवणाऱ्याने इतके पैसे कुठून आणायचे? समाजमाध्यमांवर हलकल्लोळ झाला. शेवटी राष्ट्रीय बौद्धिक संपदा प्रशासनालाच खुलासा करावा लागला: त्या भागाबाहेरच्या दुकानदारांना पैसे घेऊन परवाना देण्याचा संघटनेला अधिकार नाही. संघटनेने माफी मागितली. इथे कागदोपत्री हक्कदार असलेला पक्षच लोकांना लुटारू वाटला.

हीच कसोटी औषधांना लागते तेव्हा प्रश्न जिवाचा होतो, आणि त्याचा धागा भारतापर्यंत येतो. लू योंग हा रक्ताच्या कर्करोगाचा रुग्ण ग्लिव्हेक या महागड्या औषधाऐवजी त्याचे स्वस्त भारतीय जेनेरिक मागवी आणि इतर रुग्णांनाही मिळवून देई. चीनमध्ये मंजुरी नसलेले परदेशी औषध तेव्हा कायद्याने ‘बनावट’ ठरे, मग ते गुणकारी का असेना. त्याच्यावर खटला भरला गेला. शेकडो रुग्णांनी त्याच्या सुटकेसाठी सह्या केल्या आणि २०१५ मध्ये सरकारी वकिलांनी खटला मागे घेतला. त्याच्या जीवनावर बेतलेला ‘डाइंग टू सर्व्हाइव्ह’ हा चित्रपट २०१८ मध्ये तुफान चालला. ऑगस्ट २०१९ मध्ये औषध कायदा सुधारला गेला, आणि केवळ देशी मंजुरी नाही म्हणून परदेशी औषधाला बनावट ठरवणारी तरतूद त्यातून गेली.