दुसऱ्या दिवसाचा हक्क

बडोद्यात राहून इतिहासावर लिहावयाचे म्हटले, की आम्हा मराठी मंडळींची लेखणी आपोआप श्रीमंत सयाजीराव महाराजांकडे वळते. आजचा विषय मात्र दूरच्या, युरोपातील रस्त्यांवरचा आहे : स्त्रियांची अनेक दिवस चालणारी सायकल-शर्यत. साहित्यसंस्थेच्या त्रैमासिकात हा विषय कशासाठी, असे वाचक विचारतील. या शर्यतीचा इतिहास वाचताना आम्हांला आमच्याच शहराचा एक जुना प्रश्न पुन्हा भेटला, एवढेच उत्तर तूर्त देतो.

टप्प्यांच्या शर्यतीची रीत साधी आहे. रोज एक टप्पा, रोज प्रत्येकाच्या वेळेची नोंद; सर्व दिवसांच्या वेळांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो विजयी. एक दिवस जीव तोडून सायकल हाणणे अवघड खरेच. पण आंबलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच रांगेत उभे राहणे, ही या शर्यतीची खरी कसोटी. 'लोतो' या क्रीडा-दैनिकाचा खप वाढावा म्हणून १९०३ मध्ये 'तूर द फ्रान्स' सुरू झाली. तेव्हा सहा टप्प्यांत २४२८ किलोमीटरचे अंतर होते. स्पर्धक अर्थातच सारे पुरुष.

या पुरुषांच्या रांगेत पहिली स्त्री शिरली ती इटलीत. १९२४ च्या इटली-परिक्रमेत, म्हणजे 'जिरो द'इतालिया'त, बडे खेळाडू पैशांच्या वादामुळे आले नाहीत आणि आयोजकांना लोकांचे कुतूहल जागवणारे काहीतरी हवे होते. अल्फोन्सिना स्त्रादा हिला त्यामुळे प्रवेश मिळाला. पेरुजाच्या टप्प्यावर ती ठरलेल्या वेळेनंतर पोहोचली आणि अधिकृत क्रमवारीतून बाद झाली. तरीही आयोजकांच्या मुभेने ती रोज निघत राहिली व मिलानपर्यंत पोहोचली. शर्यत सुरू करणाऱ्या ९० जणांपैकी अखेरपर्यंत टिकलेले अवघे ३० होते, हे लक्षात घेतले म्हणजे तिच्या जिद्दीचे मोल कळते. पुढच्या वर्षी तिला प्रवेश नाकारण्यात आला. गरज सरली होती.

हाच प्रकार पुढे वारंवार घडलेला दिसतो. १९५५ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी भागात स्त्रियांची पाच टप्प्यांची शर्यत झाली आणि आइल ऑफ मॅनची मिली रॉबिन्सन ती जिंकली. दुसऱ्या वर्षी ती शर्यत भरलीच नाही. त्यानंतर जवळजवळ तीन दशकांनी, १९८४ मध्ये, मूळ 'तूर'च्या आयोजकांनी स्त्रियांसाठी १८ टप्प्यांची शर्यत घेतली. पुरुषांच्याच मार्गावर, त्याच दिवशी, त्यांच्या आधी काही तास, पण कमी अंतराच्या टप्प्यांनी ती होत असे. या बायका मध्येच कोलमडतील, असे भाकीत करणारे कमी नव्हते. ३६ जणींपैकी बहुतेक सगळ्या पॅरिसला पोहोचल्या आणि अमेरिकेची मेरियन मार्टिन विजयी झाली. १९८९ नंतर हा उपक्रमही थांबला. इतरांनी चालवलेली शर्यत नावे बदलत, दिवस घटवत कशीबशी तगली. २००९ मध्ये तिचे चारच टप्पे उरले आणि मग तीही बंद पडली. स्त्रियांना अंतर झेपत नाही, म्हणून यांतली एकही शर्यत संपलेली नाही. प्रायोजक, प्रक्षेपण आणि आयोजकांची इच्छा यांपैकी काहीतरी दर वेळी संपले.

येथे आम्हांला बडोदे आठवते. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ मध्ये तो कायद्याने संपूर्ण राज्याला लागू केला. मुलींची शाळा उघडणे ही गोष्ट त्याआधीही अनेकांनी केली होती. उघडलेल्या शाळेत मुलगी उद्या पुन्हा येईल याची हमी कोण देणार, हा प्रश्न कायद्याने सोडवू पाहिला : मूल आले नाही, तर दंड पालकाला. शिक्षण ही मेहेरबानी न राहता व्यवस्था झाली. तरीही याच कायद्यात सक्तीचे वय मुलांसाठी ७ ते १२ आणि मुलींसाठी ७ ते १० असे होते. मुलीचा टप्पा येथेही दोन वर्षांनी आखूडच. उदारातल्या उदार राजवटीच्या हातूनही माप असे तोकडे पडते, हे आम्ही अभिमानाच्या भरात विसरू नये.

शाळा आणि सायकल यांचे नाते तर आपल्याकडे उघडच आहे. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून दूरच्या गावांतील विद्यार्थिनींना सायकली दिल्या गेल्या, त्या रोजच्या येण्याजाण्यासाठीच. सायकलीवर रोज निघण्याचे बळ केवढे असू शकते, हे पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने दाखवले. २०१८ मध्ये पर्थहून निघून तिने १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा सायकलीवर केली. परंतु २०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय दर्जाची टप्प्यांची शर्यत झाली, ती मात्र पुरुषांची.

फ्रान्समध्ये २०२२ साली स्त्रियांची 'तूर' पुन्हा सुरू झाली, आठ टप्प्यांची. २०२४ मध्ये कासिया न्येव्यादोमाने आठ टप्प्यांच्या बेरजेत अवघ्या चार सेकंदांनी विजय मिळवला. २०२५ मध्ये टप्पे नऊ झाले आणि फ्रान्सच्याच पोलिन फेरां-प्रेव्होने ती जिंकली. या नावांइतकेच आम्हांला मोलाचे वाटते ते हे, की २०२२ नंतर २०२३ आले, २०२४ आले, २०२५ही आले आणि शर्यत भरत राहिली.

पहिलेपणाचा गौरव करण्यात आपला समाज कधीच मागे नसतो. पहिली पदवीधर, पहिली डॉक्टर, पहिली सायकलस्वार यांचे सत्कार होतात, छायाचित्रे लागतात. मागून येणाऱ्या दुसरीसाठी रस्ता मोकळा राहिला का, हे विचारण्याचे काम इतिहासलेखनाचे आहे. पहिल्या दिवशी टाळ्या वाजवणे सोपे. दुसऱ्या दिवशी फाटक उघडे ठेवणे, हीच समाजाची परीक्षा.